पत्ता वाचायला शिकू या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेले सहा महिने मी मुलांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून संकेतस्थळ कसे तयार करावे व संगणकांचे जाळे कसे चालते, हे शिकत आहे. "या वयात हे कशाला?" असे पुष्कळजणींनी विचारले. त्याचे उत्तर आज देते.

संकेतस्थळ म्हणजे जादू नव्हे. मजकूर साध्या अक्षरांत लिहायचा आणि हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा करायच्या. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. विणकामाचा नमुना उतरवताना आपण सुलट-उलट टाक्यांच्या खुणा करतो, त्यातलाच हा प्रकार. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली. १९९३ साली संस्थेने ती विनामोबदला सर्वांना खुली केली. म्हणूनच आपल्या मंडळाच्या लोणच्या-पापडांचे पान मी आज घरी बसून तयार करू शकते.

पण खुल्या बाजारात भामटेही येतात. आपल्या आळीतील एका भगिनीची वर्षभराची भिशी एका खोट्या पानामुळे गेली, हे आपण जाणताच.

जाळ्यात प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे ध्यानात राहात नाहीत म्हणून नावे आली. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. हे नाव उलटे वाचावे. आरंभीच्या दोन तिरप्या रेघा सोडाव्या, पुढच्या रेघेपाशी थांबावे आणि तिथून मागे यावे. 'बँक.तमुक.कॉम' असे दिसले, तर घर तमुकचे. 'बँक' ही त्याने दारावर लावलेली नुसती पाटी! तसेच आरंभी एचटीटीपीएस असले, तर वाटेत कोणी आपला मजकूर वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरमालक प्रामाणिक आहे, असा नव्हे.

एवढे करूनही फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या दूरध्वनी क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण.

भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो. तीच चोखंदळ नजर इथेही हवी, आणि ती आपल्याजवळ आहेच. दर शनिवारी दुपारी मी मंडळाच्या खोलीत बसेन. मोबाईल आणि शंका, दोन्ही घेऊन अवश्य यावे.