‘आम्ही’ आणि ‘आपण’ : पराग्वेमधलं प्रशिक्षण

आपल्या मुलांपैकी कुणी पीस कोअरमध्ये जायचं म्हटलं, की नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो : एवढं शिकून दोन वर्षं बिनपगारी? माझी लेक सध्या पराग्वेमध्ये या कामाचं प्रशिक्षण घेते आहे. तिथला दिवस कसा जातो, ते आज सांगते.

ही योजना अध्यक्ष केनेडींनी १९६१ साली सुरू केली. स्वयंसेवकाला राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो. जिमी कार्टर यांच्या आई, लिलियन कार्टर, साठी ओलांडल्यावर याच योजनेतून आपल्या विक्रोळीला येऊन राहिल्या होत्या.

पहिले साधारण तीन महिने प्रशिक्षणाचे. मुक्काम गावातल्या एका कुटुंबात. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी व्यवसायाचे धडे, संध्याकाळी घरच्या पोरांसोबत गृहपाठ. ताटात रोज उकडलेला मांडिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. तेरेरे हे थंड पेय एकाच पेल्यातून, एकाच नळीनं, सगळे आळीपाळीनं पितात. तिथे ‘ग्रासियास’ म्हणजे धन्यवाद म्हटलं, की पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. त्याचा अर्थ ‘आता पुरे’ असा होतो. घरच्या माणसांचे उठसूट आभार मानायचे नसतात, हे आपल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

व्यवसायाचा धडा म्हणजे काय, हे मला चिपावरून कळलं. चिपा म्हणजे मांडिओकाचं पीठ, चीज आणि अंडी घालून भाजलेला पाव. तो विकणारी बाई पीठ, चीज, अंडी यांचा खर्च मांडते. सरपण आणि पहाटे तीनपासूनची स्वतःची मेहनत मात्र धरत नाही. मग नफा दिसतो आणि हातात काही उरत नाही. स्वयंसेवकानं दर ठरवून द्यायचा नसतो. तिच्याशेजारी बसून वहीत एक रकाना वाढवायचा, आणि तो तिनेच भरायचा. आपल्याकडच्या बचत गटांतल्या बायकांना हे नवं वाटणार नाही.

सहाव्या आठवड्यात लेक फोनवर रडली. स्पॅनिश येत होतं, पण गावातल्या बायका आपसात ग्वारानी बोलायच्या आणि ही नुसती बघत राहायची. “परत ये” हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी विचारलं, “आज वर्गात काय शिकवलं?” ती म्हणाली, “ग्वारानीत ‘वी’साठी दोन शब्द आहेत. ‘ओरे’ म्हणजे आम्ही, समोरचा सोडून. ‘न्यांदे’ म्हणजे समोरच्यालाही धरून.” मी म्हटलं, “अगं, म्हणजे आम्ही आणि आपण!” ती क्षणभर गप्प झाली, मग हसली. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये नसलेला हा फरक वर्गात सगळ्यांत आधी तिला उमगला, कारण तो आपल्या स्वयंपाकघरात रोज कानांवर पडलेला होता.

भाषेची तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे. त्यानंतर शपथ, आणि मग दोन वर्षांसाठी नेमून दिलेलं गाव. गेल्या रविवारी तिनं सांगितलं, की चिपावाल्या मावशी हिशेबाची वही उघडताना तिला म्हणाल्या, “न्यांदे.”

तुमच्याही घरात कुणी असा अर्ज भरत असेल, तर त्या मुलाशी मराठीत बोलत राहा. ती कुठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. नमस्कार.