नकार देणारा माणूस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी होते. आई आमच्याकडे राहावयास आली होती. तिला रात्री झोप लागत नसे, म्हणून डॉक्टरांनी दहा दिवसांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या संपल्या तेव्हा आईने पुन्हा मागितल्या आणि मी तीच जुनी चिठ्ठी घेऊन जवळच्या औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या तरुणाने चिठ्ठी निरखून पाहिली. तिच्यावर पहिल्या दुकानाचा शिक्का होता, तारीख होती. तो नम्रपणे म्हणाला, ‘साहेब, या चिठ्ठीवर औषध एकदा देऊन झाले आहे. पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिलेले नाही.’ मी माझा हुद्दा सांगितला. सांगावयास नको होता, पण सांगितला. त्याने चिठ्ठीची घडी केली आणि ती माझ्या हाती परत दिली.

मी रागावूनच घरी आलो. एवढ्याशा गोळ्यांसाठी केवढा हा ताठा, असे मला वाटले. परंतु सरकारी नोकराला एक खोड असते. नियमावर रागावला तरी तो नियम उघडून वाचतो. मीही वाचला, आणि चूक त्या तरुणाची नव्हे, माझी होती हे ध्यानात आले.

१९४५ च्या औषध नियमावलीत या बाबतीत मुळीच संदिग्धता नाही. चिठ्ठी लेखी असावी. तिच्यावर डॉक्टरांची सही व तारीख, रुग्णाचे नाव व पत्ता आणि औषधाचे एकूण प्रमाण असावे. डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावयाचे. औषध देताना विक्रेत्याने आपले नाव, पत्ता व तारीख चिठ्ठीवर नोंदवावयाची. परिशिष्ट ‘एच’ मधील औषध लिहिलेले असेल, तर त्याच्याऐवजी ‘हेही तसेच आहे’ असे म्हणून दुसरे देता येत नाही. त्याहून कडक असे परिशिष्ट ‘एच-१’ मार्च २०१४ पासून लागू झाले. नव्या पिढीची कित्येक प्रतिजैविके, क्षयावरील औषधे आणि झोपेच्या अनेक गोळ्या त्यात येतात. या औषधांसाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते. डॉक्टर कोण, रुग्ण कोण, औषध कोणते आणि किती, हे तीत लिहावे लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते.

आता कोणी विचारील, हे सारे पाहावयाचे कोणी? १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीसमोर प्रश्न होता तो हाच. बाजारात भेसळीची औषधे होती आणि ती देणाऱ्या हातांना शिक्षणाचे वा नोंदणीचे कसलेच बंधन नव्हते. त्यातूनच पुढे औषधांसाठी १९४० चा कायदा आला, आणि औषध देणाऱ्या माणसासाठी १९४८ चा फार्मसी कायदा. या दुसऱ्या कायद्याच्या ४२ व्या कलमाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचे व देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाती सोपविले.

ज्याला अधिकार दिला, त्याला जाबही विचारला पाहिजे. ३६ व्या कलमाप्रमाणे, व्यवसायात लांच्छनास्पद वर्तन करणाऱ्याचे किंवा त्याला अपात्र ठरविणाऱ्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्याचे नाव राज्याच्या फार्मसी परिषदेच्या नोंदवहीतून काढता येते. मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून नव्हे. कार्यकारी समितीच्या आदेशास परिषदेने दुजोरा द्यावा लागतो. त्यानंतरही तीन महिने तो अमलात येत नाही. आणि तीस दिवसांच्या आत राज्य शासनाकडे अपील करता येते. नोकराच्या अपराधाबद्दल मालक असलेल्या फार्मासिस्टलाही जबाबदार धरता येते, पण त्याची फूस, त्याला असलेली माहिती किंवा त्याची हयगय दिसून आली तरच. पुढे योग्य कारण असल्यास काढलेले नाव पुन्हा घालण्याचीही तरतूद आहे. कायद्याची ही शिस्त कठोर आहे, पण आंधळी नाही.

तरीही एक जुनी पळवाट आहे. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले, आणि ज्याचे ते आहे तो माणूस भलत्याच गावी! महिन्याकाठी ठरलेली रक्कम त्याला पोहोचते, आणि औषधे देतो तो दुसराच कोणी. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी प्रत्यक्ष काम न करता असे प्रमाणपत्र वापरू देणे हे गैरवर्तन ठरविले आहे. बिहारमधील एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की बनावट फार्मासिस्टच्या हाती नागरिकांचे आरोग्य सोपविता येणार नाही आणि हे पाहणे राज्य शासनाचे व फार्मसी परिषदेचे कर्तव्य आहे. याचे कारण उघड आहे. चौकटीतल्या कागदाला चिठ्ठीवरची तारीख वाचता येत नाही. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही.

माझ्या लहानपणी कंपाउंडर बाटलीला कागदाची पट्टी डकवून तिच्यावर खाचा पाडीत असे. एक खाच म्हणजे एक मात्रा. आज औषधे कारखान्यातून बांधून येतात, तेव्हा फार्मासिस्टला काम ते काय उरले, असे पुष्कळांना वाटते. काम उरले आहे ते खाच पाडण्याचे, म्हणजे मर्यादा घालण्याचे. आणि ती मर्यादा मोडावयास त्याला भरीस घालतो तो पुष्कळदा आपण स्वतःच. ‘ओळखीचे आहोत’, ‘उद्या चिठ्ठी आणून देतो’, ही वाक्ये आपल्यापैकी कोणी उच्चारली नसतील?

त्या नकारामुळे आईला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे लागले. त्यांनी खोदून विचारले तेव्हा तिने सांगितले, की त्या दहा दिवसांत रात्री उठताना तिचा दोनदा तोल गेला होता. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ती सावरली. आम्हांला काळजी नको, म्हणून ती बोलली नव्हती. म्हातारपणी या गोळ्यांनी असे होते, असे सांगून डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि दुसरा उपाय लिहून दिला.

नवी चिठ्ठी घेऊन मी त्याच दुकानात गेलो. त्या तरुणाने ती वाचली, आईचे वय विचारले, आणखी कोणती औषधे चालू आहेत ते विचारले. मी या वेळी हुद्दा सांगितला नाही. मग त्याने कपाट उघडले.