मधल्या दोन वर्षांत काय केलंत?



अध्यक्षाने शेवटी उभं राहावं आणि लांबण लावावी, असा आपल्या संमेलनांचा रिवाज आहे. तुम्ही आठवड्याच्या दोन सुट्ट्यांपैकी एक इथे खर्ची घातली आहे, म्हणून आजचं भाषण एका बाईपुरतं आणि तिच्या वहीतल्या एका पानापुरतं ठेवलं आहे. बाई कल्पनेतली आहे. तिचा प्रश्न मात्र या सभागृहातही कोणाच्या तरी मनात असेल.

कुवेतमधल्या सालमियातला दोन खोल्यांचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. नवरा तेलक्षेत्रातल्या कंत्राटदाराकडे नोकरीला, बाई कलम २२च्या कुटुंब-व्हिसावर. मूल झाल्यावर तिला नैराश्याने गाठलं आणि दोन वर्षं त्यात गेली. आता जूनमध्ये कुटुंब पुण्याला परतणार आहे. तिथल्या एका संस्थेला ‘पीअर सपोर्ट वर्कर’ हवे आहेत. जाहिरातीत लिहिलंय, ‘मानसिक आजाराचा स्वतःचा अनुभव असलेल्यांना प्राधान्य’. ही ओळ तिने तीनदा वाचली. जी गोष्ट सासर, माहेर आणि इथलं मराठी मंडळ या सगळ्यांपासून लपवली, तीच कोणीतरी पात्रता म्हणून मागत होतं! त्या भरात तिने अर्ज धाडला. ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं आणि झोप उडाली. डोक्यात एकच घोकणं सुरू झालं : मीच अजून गोळी घेते, मी कोणाला काय आधार देणार?

हा प्रश्न पुण्याला जुना आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. उपचारासाठी आलेल्याला तिथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण पुढे तिथेच कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. कालपर्यंत ज्याला घरचे पाकीट सांभाळायला देत नव्हते, त्याने आज दुसऱ्याला धीर द्यायचा. त्याची छाती धडधडली नसेल? पण नव्याने आलेला रुग्णमित्र ‘आजपासून बंद, आईची शपथ’ म्हणाला की या माणसाला ना राग येतो, ना लगेच भरवसा वाटतो. ही शपथ त्याने स्वतः घेऊन मोडलेली असते. हे शहाणपण पदवीच्या अभ्यासक्रमात मिळत नाही.

पुण्यातलीच दुसरी संस्था ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’, अर्थात ‘सा’. ती १९९७मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांनी उभी केली. वाणी मूळचे धुळ्याकडचे, कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबात असा आजार आला की काय होतं, हे त्यांनी घरात पाहिलेलं होतं. २००४चा ‘देवराई’ हा स्किझोफ्रेनियावरचा चित्रपट आपल्याला अतुल कुलकर्णींनी साकारलेल्या शेषमुळे लक्षात आहे. त्याच्या निर्मितीमागेही वाणी होते. या वर्तुळात आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. विद्या मागतो तो विद्यार्थी, तसा शुभ मागतो तो शुभार्थी. ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’ या जोडीपेक्षा ही जोडी किती तरी ऐटदार. ‘पीअर सपोर्ट’ला मात्र मराठीत अजून असा सुटसुटीत शब्द रुळलेला नाही. सभागृहात भाषेची माणसं बसली आहेत, त्यांनी मनावर घ्यावं.

जगात या कामाची एक ठळक सुरुवात एका गरजू माणसापासून झाली. मे १९३५मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला गृहस्थ हॉटेलच्या दिवाणखान्यात उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. तो टेलिफोनकडे वळला आणि दारूशी झगडणारा दुसरा कोणी गावात आहे का, याची चौकशी करू लागला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. डॉक्टरांनी कबूल केली होती पंधरा मिनिटं. दोघं सहा तासांहून जास्त बोलत बसले. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चा उगम या बैठकीत आहे. नीट पाहा, विल्सन उपकार करायला गेला नव्हता. आपला तोल जातोय हे त्याला कळलं होतं, म्हणून तो गेला. पुढे मानसिक आजारातून सावरलेल्यांच्या अशा सोबतीला पगारही मिळू लागला. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात तर १९९९पासून सरकारी आरोग्य विम्यातून त्याचे पैसे दिले जाऊ लागले.

याचा अर्थ अनुभवी सोबती म्हणजे रामबाण, असा नाही. रुग्णालयात पुन्हा भरती होण्याचं प्रमाण त्यामुळे घटतंच, असं संशोधन ठामपणे सांगत नाही. आशा वाढते, आपण बरे होऊ असं वाटू लागतं, इतपत पुरावा बऱ्यापैकी आहे. माझ्या मते तेवढंही पगार देण्यालायक आहे.

आणि कुवेत? इथे मानसिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा आहे, २०१९चा १४ क्रमांकाचा. सरकारी ‘कुवेत सेंटर फॉर मेंटल हेल्थ’ आहे. तरी आपल्या माणसाचं पाऊल तिकडे वळत नाही. नोकरी जाईल, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना जाईल, मंडळात चर्चा होईल, ही भीती असते; बहुधा उलट्या क्रमाने. १२ जून २०२४च्या पहाटे इथल्या मंगफ भागातल्या कामगार-इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले. त्याच इमारतीतून जे जिवंत बाहेर आले, त्यांना रात्री दचकून जाग आली तर ते कोणाला सांगणार? अरबीत सांगता येत नाही, गावी फोनवर सांगितलं तर आई रडेल. अशा वेळी शेजारच्या खाटेवरचा, स्वतः तसा दचकलेला माणूस उपयोगी पडतो. कुवेती माणसाकडे संध्याकाळची दिवानिया आहे. चहाचा पेला हातात घेऊन, कारण नसताना बसायची जागा. आपण ढोल-ताशाचं पथक इथे उभं करू शकतो, पण अशी बैठक अजून नाही.

पुन्हा आपल्या बाईकडे येऊ.

आत्मसंशयावर अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केला होता. त्याचा विवेकनिष्ठ उपचार मराठीत रुजवला कि. मो. फडके यांनी. एकोणिसाव्या वर्षी एलिस मुलींशी बोलायला थरथरायचा. त्याने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर एकटी दिसेल त्या बाईशेजारी बसायचं ठरवलं. १३० जणींपाशी बसला. तीस लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं, एकीने भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही! नकाराने माणूस मरत नाही, हे मात्र त्याला कळलं. आपल्या बाईने यावरून धडा घेतला आणि आरशापुढे मुलाखतीचा सराव करणं सोडून नवऱ्याला समोर बसवलं. त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘मधल्या दोन वर्षांत काय केलंत?’ ती पहिल्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बोलली : बाळंतपण, गोळ्यांची नावं, सासूबाईंचे टोमणे, सगळं. तिसऱ्या दिवशी वहीत लिहून काढलं आणि खोडत खोडत हे उरलं :

‘मूल झाल्यावर मला नैराश्य आलं. पाच महिने कोणाला सांगितलं नाही, कारण सगळे म्हणायचे, बाळ किती गोड आहे. मग उपचार घेतले, गोळी अजून चालू आहे. त्या दिवसांत एक शेजारीण रोज चारला यायची आणि न बोलता बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसायची. ते काम मला जमेल असं वाटतं.’

यात आजार आहे, उपचार आहे, कामाची समज आहे, आणि गयावया नाही. सासूबाई गळल्या, हेही बरंच झालं.

पुढचा प्रश्न नवऱ्याला सुचला नसता. तो अशा मुलाखतींत हटकून येतो. समोरचा म्हणाला, ‘जीव द्यावासा वाटतो, पण कोणाला सांगू नका,’ तर? आत्मविश्वासाने फुललेला उमेदवार इथे घसरतो. ‘मी त्याला समजावेन, मी त्याला त्यातून बाहेर काढेन,’ म्हणतो. बरोबर उत्तर असं की हे गुपित मी ठेवणार नाही, तसं त्याला तिथेच सांगेन, त्याला एकटं सोडणार नाही आणि वरिष्ठांना लगेच कळवेन, कारण हे एकटीने पेलायचं काम नाही. आपल्या बाईला हे उत्तर पाठ करावं लागलं नाही. एकटीने पेलवणार नाही, याच शंकेने तर तिची चार रात्री झोप उडवली होती.

शेवटी समितीवाले विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ त्यासाठी तिने पानाच्या तळाशी पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवली आहे : ‘माझाच दिवस वाईट गेला, तर तुमच्याकडे मी कोणापाशी बसायचं?’ वही मिटली आहे. आवाज नीट पोचावा म्हणून घरघरणारा एसी तेवढ्यापुरता बंद करायचं ठरलं आहे. मुलाखत इथल्या घड्याळात अकराला, तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असेल.