वाहनभय आणि पायऱ्यांची वाट



परवाना कपाटात, मोटार दारात, आणि आजारी वडिलांना रुग्णालयात नेण्यास मात्र शेजाऱ्याची विनवणी, अशी स्थिती आपल्यातील काही घरांत आहे. तिला भित्रेपणा म्हणून हिणविणे मला अन्यायाचे वाटते. भयाची वस्तू टाळली की क्षणभर सुटका होते. त्या सुटकेवरच भय पोसते.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीने सशास भिणाऱ्या पीटर नामक बालकाचे वृत्त प्रसिद्ध केले. तो आवडीचा खाऊ खात असता ससा थोडाथोडा जवळ आणीत गेले. अखेर तो सशाला कुरवाळू लागला. (पोहणे यावे म्हणून भाच्यास विहिरीत ढकलणाऱ्या मामांनी हे अवश्य ऐकावे!)

मोटारीचेही तसेच. आरंभी उभ्या गाडीत नुसते बसावे. मग पहाटेची मोकळी गल्ली, मग बाजाररस्ता, सर्वांशेवटी महामार्ग. शेजारी जाणता शिक्षक असावा. एका पायरीवरील धडधड ओसरल्यावाचून पुढची चढू नये. अपघातानंतर जडलेले भय असल्यास मानसोपचारतज्ज्ञांस अवश्य भेटावे. आणि मागे बसून ‘ब्रेक! ब्रेक!’ ओरडणाऱ्या यजमानांनी तेवढे दिवस कृपा करून घरीच थांबावे.