गंजीची सावली कोणत्या रंगाची?



पुणतांब्याच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. यंदा मुलांना क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची चित्रं दाखवली. 1890-91 मध्ये मोनेने जिव्हर्नी गावात, घराशेजारच्या शेतातल्या धान्याच्या गंजी रंगवल्या. सुमारे 25 वेळा! सकाळी, मावळतीला, बर्फ पडल्यावर. गंजी त्याच, बदलला तो उजेड.

मुलांना हे लगेच उमगलं. ज्वारीची सुगी झाली की आमच्याकडेही कडब्याच्या गंजी रचलेल्या असतात. म्हटलं, मोनेचं चित्र उतरवू नका, रंगपेट्या घ्या आणि गंजीपाशी चला.

पहिल्या दिवशी सगळ्यांची गंज पिवळी, सावली काळी. पेटीत काळी वडी नेहमी आधी संपते. दुसऱ्या दिवशी ती वडीच मी काढून ठेवली. मुलं अडली. सहावीतली एक मुलगी बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, सावली वांगी रंगाची आहे." तिने निळ्यात थोडा तांबडा कालवला. पाणी जास्त झालं, पुन्हा रंग घेतला. त्या जांभळट सावलीशेजारी तिचा पिवळा असा उजळला, की बाकीची मुलं तिच्या कागदाभोवती गोळा झाली. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेसाठी विरोधी रंगांच्या जोड्या आम्ही पाठ करून घेतो. तिला पिवळ्या-जांभळ्याची जोडी कडब्यात सापडली.

तेव्हापासून वर्गात नुसतं लाल, पिवळं चालत नाही. गव्हाळ, आमसुली, विटकरी, डाळिंबी, मोरपंखी, अबोली! एकेका नावामागे डोळ्यांनी पाहिलेली वस्तू आहे. गोदावरीच्या घाटावर बसवलं, तर काळ्या दगडात मुलांना राखी सापडला, शेवाळीही सापडला.

असं बघत राहायला एका मोठ्या चित्रकारालाही शाळेतच शिकवलं गेलं. नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून 1950 साली पॅरिसला गेलेले चित्रकार सय्यद हैदर रझा लहानपणी चंचल होते. शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. मला त्या शिक्षकांचा फार आदर वाटतो.

पालकांनो, मुलाने सावली जांभळी किंवा नदी विटकरी रंगवली, तर "असा रंग असतो का?" म्हणून खोडरबर हातात देऊ नका. त्याने चित्र काढलं तीच वेळ गाठा, त्याच जागी त्याच्याशेजारी उभे राहा आणि बघा.