शहराचा कर, खेड्याचे काम

मुंबईत कारखानदारी व व्यापार यांची भरभराट होत असता त्याच राज्यातील कोरडवाहू गावच्या मजुराच्या हाताला काम मिळू नये, ही विसंगती १९७२च्या दुष्काळाने विदारकपणे उघड केली. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या चिंतनातून साकारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ साली कायद्याचे अधिष्ठान लाभले. आणि तिच्या खर्चासाठी शहरी पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसवून, सरकारी खजिन्यातूनही तितकीच रक्कम घालण्याची तजवीज झाली, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर स्त्रिया फार मोठ्या संख्येने आल्या, आणि मजुरी कामाच्या मापावर ठरत असल्याने दरात स्त्री-पुरुष भेद नव्हता. पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने रोजगार हमीचे हे तत्त्व देशभर नेले.