दात राखावा की काढावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची सवय नाही. पण माझ्यावर जे बेतले ते चारचौघींच्या उपयोगी पडावे, म्हणून उभी राहिले आहे.

आठ वर्षांपूर्वी माझी उजवी दाढ किडली. लवंग धरली, मिश्री लावली, दुकानातून गोळ्या आणल्या. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने ठणका घटकाभर दबतो, कीड थांबत नाही; तोंडाच्या कर्करोगाचे भय मात्र वाढते. पुढे ठणका आपोआप थांबला. मला वाटले, बरे झाले. खरे तर आतली नस मेली होती! आधी मुलाची फी, मग सासूबाईंचे औषध, असे करता करता दाढ काढावीच लागली. मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ कलली. आजही त्या बाजूने ज्वारीची कडक भाकरी चावत नाही.

गेल्या वर्षी डावी दाढ अर्धी तुटली. मी म्हटले, "काढून टाका." डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला व म्हणाल्या, "ताई, मूळ शाबूत आहे. पाया चांगला असताना घर का पाडता?"

त्यांनी सांगितले ते असे. कीड वरवर असेल तर चांदी किंवा सिमेंट भरून भागते. नसेपर्यंत गेली तर रूट कॅनाल करतात. आतली सडलेली नस काढून पोकळी साफ करून भरतात. असा दात ठिसूळ होतो, म्हणून दाढेवर टोपी बसवतात. वरचा भाग फारच थोडा उरला असेल तर मुळात खुंटी रोवून तिच्यावर टोपी चढवतात. मूळच चिरले असेल, तर मात्र दात काढणे भाग. मग काढघालीची कवळी, शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने ब्रिज, किंवा जबड्याच्या हाडात टिटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात, असे मार्ग. स्क्रूचे काम खर्चाचे आणि काही महिन्यांचे. त्यासाठी साखरेचा आजार ताब्यात लागतो.

माझ्या दाढेला टोपी बसली. खर्चाची धास्ती असेल त्यांनी दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. लातूरला आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहे.

भगिनींनो, घरात कोणी नुसते कण्हले तरी आपण धावतो. स्वतःची दाढ मात्र पदराआड लपवतो. उशिराने दातही जातो आणि पैसाही.